‘आय-५’ या नावाचे मोल : पेढीवरील संगणकाच्या प्रोसेसरची पारख

व्यापाऱ्याचे खरे भांडवल म्हणजे त्याची पारख, हे आपल्या समाजात कोणास सांगावयास नको. ज्या जुन्या हुबळीत भवानीशंकराचे मंदिर आणि जैन बसदी यांचा शेजार आहे, त्या गावाचे नाव विजयनगरच्या काळी कापूस, सोरा आणि लोखंड यांच्या व्यापारामुळे दूरवर पोचले होते. कापूस बोटांत ओढून तंतूची लांबी सांगणारे, मूठभर धान्य दातांखाली धरून ओलावा ओळखणारे आणि कसोटीवरील रेघ पाहून सोन्यातील हीण सांगणारे व्यापारी येथील पेठेला नवे नाहीत. असे असता, जी वस्तू आज रोजकीर्द आणि खतावणी यांच्या जागी येऊन बसली आहे, तिची खरेदी मात्र आपण केवळ नावावर करतो, हे काहीसे नवल होय. ‘आय-फाईव्ह आहे’ एवढे शब्द कानी पडले, की संगणकाच्या बाबतीत आपले प्रश्न संपतात.

हा विषय याच वेळी हाती घेण्यास कारण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. तिच्या जागी येणारी विंडोज ११ ही प्रणाली सर्वसाधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे, किंवा एएमडी कंपनीचे राइझन २००० या मालिकेपासूनचे प्रोसेसरच अधिकृतपणे स्वीकारते. परिणामी दहा-बारा वर्षे विनातक्रार चाललेले अनेक पेढ्यांवरील संगणक एकदम कालबाह्य ठरले. कित्येक सभासद बंधूंनी नवा संगणक घेतला; कित्येक अजून घ्यावयाचे आहेत. ‘मध्यम प्रतीचा प्रोसेसर आमच्या कामास पुरेल काय, आणि त्याची योग्य किंमत ती कोणती?’ या प्रश्नाचा विचार आम्ही येथे व्यापाऱ्याच्या दृष्टीने करणार आहो. यंत्रशास्त्राची पोथी वाचण्याचा आमचा हेतू नाही.

प्रोसेसर हा संगणकाचा मुनीम होय. मेमरी ही त्याच्या पुढ्यातील गादी, जीवर चालू कामाचे कागद पसरलेले असतात. आणि डिस्क किंवा एसएसडी हे मागचे कपाट, ज्यात सर्व वर्षांची दप्तरे बांधून ठेवलेली असतात. मुनीम कितीही चपळ असला, तरी गादी अरुंद असेल किंवा कपाटातून दप्तर काढण्यास वेळ लागत असेल, तर गिऱ्हाईक तिष्ठतच राहणार. ही उपमा वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण संगणक मंद चालतो म्हणून जेव्हा प्रोसेसरला दोष दिला जातो, तेव्हा पुष्कळदा खरा दोषी जुन्या पद्धतीची फिरती डिस्क असते.

आता नावाकडे वळू. इंटेल कंपनीने ‘कोअर आय-५’ हे नाव २००९ साली प्रथम बाजारात आणले. तेव्हापासून त्या एकाच नावाखाली अनेक पिढ्यांचे प्रोसेसर निघाले. २०१२ सालचा आय-५ ३४७० हा त्यांपैकी एक; त्यात चार कोअर आहेत आणि त्याची कमाल गती ३.६ गिगाहर्ट्‌झ आहे. जानेवारी २०२२ मध्ये आलेला आय-५ १२४०० हाही आय-५ च. परंतु त्यात सहा कोअर, बारा थ्रेड आणि १८ मेगाबाइट कॅश असून त्याची कमाल गती ४.४ गिगाहर्ट्‌झ आहे. केवळ गतीचे आकडे पाहिले, तर दोहोंत पंचमांश फरक दिसतो. प्रत्यक्षात एकेका कोअरच्या कामात नवा प्रोसेसर सुमारे दुप्पट आणि सर्व कोअर मिळून चौपटीच्या आसपास काम करतो. कारण गतीच्या प्रत्येक ठोक्यास होणारे काम मधल्या दहा वर्षांत वाढले. ब्याडगी मिरची घेणारा तिच्या तिखटपणावर भाव ठरवीत नाही. तो रंग पाहतो. तद्वत गिगाहर्ट्‌झ हा आकडा एकाच पिढीतील दोन प्रोसेसरांची तुलना करण्यास उपयोगी आहे; भिन्न पिढ्यांची तुलना त्यावरून केल्यास फसगत ठरलेली.

पिढी ओळखण्याची युक्ती अगदी साधी आहे. ‘आय-५’ च्या पुढील अंकांतून शेवटचे तीन अंक झाकावेत. जो आकडा उरेल ती पिढी. ३४७० मध्ये उरतो ३, आणि १२४०० मध्ये १२. डिसेंबर २०२३ पासून इंटेलने नव्या मालिकेच्या नावातून ‘आय’ हे अक्षरच काढले आणि ‘कोअर अल्ट्रा ५’ असे नाव चालू केले. तेव्हा त्या मालिकेस ही युक्ती लागू नाही. जुन्या संगणकांचा डागडुजी करून पुनर्विक्रीचा व्यवसाय सर्वत्र चालतो, आणि तो सचोटीने केला तर त्यात गैर काहीच नाही. परंतु तिसऱ्या पिढीचे यंत्र नव्या पेटीत बसवून, पुढे रंगीत दिव्यांचा पंखा लावून, ‘आय-फाईव्ह’ एवढ्याच नावाने विकले जाते, तेव्हा गोष्ट निराळी होते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे खोटी वजनेमापे, आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे खऱ्याच्या जागी तत्सदृश वस्तू देणे, हे दोन आहेत. शास्त्रकारांपुढे तराजू आणि तूप असेल. आमच्यापुढे हे उदाहरण आहे. आपल्या सभासदांपैकी जे या व्यवसायात आहेत, त्यांनी पावतीवर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि निर्मितीची पिढी आपण होऊन लिहावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

मध्यम प्रतीचा नमुना म्हणून आम्ही आय-५ १२४०० यासच पारखीस घेतो. तो आज सर्वांत नवा नव्हे. परंतु त्याची खरीखोटी सर्व माहिती बाहेर आलेली आहे, आणि ज्या वस्तूची माहिती पूर्ण आहे तिचाच भाव नीट करता येतो. त्याच पिढीतील तीन पायऱ्या आणि त्यांच्या निर्मात्याने जाहीर केलेल्या आरंभीच्या किमती पाहाव्या. आय-३ १२१०० यात चार कोअर; किंमत १२२ डॉलर. आय-५ १२४०० यात सहा कोअर. किंमत १९२ डॉलर. आय-९ १२९०० के यात आठ मोठे आणि आठ लहान असे सोळा कोअर. किंमत ५८९ डॉलर. आपल्याकडील भाव आयात, कर आणि हंगाम यांप्रमाणे बदलतात, परंतु पायऱ्यांमधील अंतराची कल्पना यावरून येते.

मध्यम पायरीवरून सर्वांत वरच्या पायरीवर गेल्यास किंमत तिप्पट होते. एका वेळी एकच काम करावयाचे असेल, तर कमाल गती ४.४ वरून ५.२ गिगाहर्ट्‌झ होते, म्हणजे सुमारे १८ टक्के वाढते. पेढीवरील काम बहुतांशी याच जातीचे असते. गिऱ्हाईक समोर उभे, मुनीम एकामागून एक बाबी टिपतो, जीएसटीचा हिशेब होतो, पावती छापली जाते. येथे सोळा कोअरपैकी पंधरा कोअर लोडाला टेकून बसणार! वर त्यांना पोसण्यासाठी २४१ वॅटपर्यंत वीज आणि मोठा पंखा लागतो, तो निराळाच. चित्रफितींचे संकलन करणारे, किंवा इमारतींचे त्रिमित आराखडे काढणारे यांची गोष्ट वेगळी. त्यांना सोळाही कोअर उपयोगी पडतात. साड्यांच्या वा दागिन्यांच्या दुकानासाठी असले यंत्र घेणे म्हणजे परिग्रहास परिमाण नसणे होय.

उलट मध्यम पायरीवरून एक पायरी खाली उतरल्यास काय जाते? आय-३ १२१०० याची कमाल गती ४.३ गिगाहर्ट्‌झ, आणि त्याचे कोअर १२४०० च्याच घडणीचे. तेव्हा केवळ पावत्या आणि टॅली एवढेच काम असणाऱ्या गल्ल्यावर दोहोंतील फरक डोळ्यांस दिसणार नाही, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. फरक दिसतो तो एकाच वेळी अनेक कामे अंगावर पडल्यावर. टॅलीमध्ये नोंद चालू, ब्राउझरमध्ये जीएसटी आणि बँक यांची पाने उघडलेली, व्हॉट्सॲपवरून मालाची छायाचित्रे येत आहेत, पाठीमागे विषाणुप्रतिबंधक तपासणी चालू, आणि त्याच यंत्रावरील माहिती दुकानातील आणखी दोन-तीन यंत्रे वापरीत आहेत. आपल्या मध्यम पेढीची दुपारची स्थिती ही अशी असते. या ठिकाणी जास्तीचे दोन कोअर आपला पगार वसूल करून देतात. म्हणून मुख्य यंत्रास आय-५ आणि बाजूच्या गल्ल्यांस आय-३, ही वाटणी आम्हांस सर्वांत किफायतीची वाटते. सर्व गल्ल्यांवर एकाच प्रतीची यंत्रे मांडण्याची हौस पुष्कळ ठिकाणी दिसते. ती शोभेची आहे, हिशेबाची नव्हे.

येथेच एक स्पष्ट केले पाहिजे. कर्नाटकात राज्यांतर्गत मालासाठी ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून आले, आणि ५ कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असणाऱ्यांस ई-इन्व्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाले. या दोन्ही कामांत जो वेळ जातो, तो मुख्यत्वे इंटरनेट आणि सरकारी संकेतस्थळ यांच्याकडून उत्तर येण्याचा असतो. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेस संकेतस्थळ अडले, तर आय-९ वालाही आय-३ वाल्याच्या शेजारी रांगेत उभा राहतो.

खरेदीत सर्वाधिक घोटाळा एका अक्षराने होतो. प्रोसेसरच्या क्रमांकापुढे ‘एफ’ असेल, तर त्यात पडद्यावर चित्र उमटविणारा भाग चालू नसतो. १२४०० एफ याची आरंभीची किंमत १६७ डॉलर, म्हणजे २५ डॉलरने कमी होती. परंतु त्यासोबत वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते, आणि साधेसुधे कार्ड घेतले तरी ही बचत त्यात बुडून वर खर्च पडतो. खेळ खेळणाऱ्या मुलांना असे कार्ड घ्यावयाचेच असते, म्हणून त्यांस ‘एफ’ स्वस्त पडतो. पेढीस ‘एफ’ नसलेलाच घ्यावा. घरच्या चिरंजीवांनी सुचविलेले यंत्र पेढीस आणि पेढीचे यंत्र चिरंजीवांस, अशी अदलाबदल न होईल तर बरे.

एएमडी कंपनीचे प्रोसेसर आपल्याकडील काही जुने व्यापारी अजून दुय्यम मानतात. या समजुतीस आज आधार उरलेला नाही. एप्रिल २०२२ मध्ये १९९ डॉलर किमतीस आलेला राइझन ५ ५६०० हा सहा कोअर आणि बारा थ्रेड यांचा प्रोसेसर १२४०० च्या बरोबरीचा आहे. मात्र त्यातही चित्राचा भाग नाही. तो हवा असल्यास ५६०० जी घ्यावा. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या राइझन ५ ७६०० यात पेढीपुरता चित्राचा भाग आहे आणि त्याची गती ५.१ गिगाहर्ट्‌झपर्यंत जाते. परंतु त्यास डीडीआर-५ जातीचीच मेमरी चालते. गंमत अशी, की या दोन प्रतिस्पर्धी घराण्यांच्या इतिहासात पुण्यात जन्मलेल्या एका गृहस्थाचे नाव दोहोंकडे येते. विनोद धाम यांनी इंटेलमध्ये असताना १९९३ च्या पेंटियम प्रोसेसरची धुरा वाहिली, आणि पुढे त्यांनी एएमडीच्या के-६ या प्रोसेसरच्या कामातही मोठा वाटा उचलला. २०२५ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. तेव्हा घराणे पाहून सोयरीक करण्यापेक्षा उमेदवार पाहावा.

मेमरीचा उल्लेख झाला, तेव्हा बाजाराची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणककेंद्रांच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले. भाव चढत्या बाजारात गरजेपेक्षा अधिक माल कोणी भरू नये, हा आपला जुना नियम येथेही लागू पडतो. आय-५ १२४०० याची एक सोय अशी, की त्याचा मदरबोर्ड निवडताना डीडीआर-४ किंवा डीडीआर-५ यांपैकी कोणतीही जात घेता येते. अर्थात एका बोर्डावर एकच जात बसते. ज्यांच्या जुन्या यंत्रात डीडीआर-४ ची चांगली मेमरी पडून आहे, त्यांनी ती नव्या यंत्रात वापरता येईल काय, हे दुकानदारास अवश्य विचारावे. मुख्य यंत्रास १६ गिगाबाइट आणि बाजूच्या गल्ल्यास ८ गिगाबाइट मेमरी आमच्या मते पुरेशी आहे.

विजेच्या बाबतीतही माप नीट वाचावे लागते. १२४०० याच्या माहितीपत्रकात ६५ वॅट हा आकडा ठळक असतो. परंतु पूर्ण जोर लावल्यावर तो ११७ वॅटपर्यंत घेऊ शकतो, असे निर्मात्यानेच जाहीर केलेले आहे. पेढीवरील हलक्या कामात तो बहुतेक वेळ ६५ च्याही बराच खाली राहतो. दोन यंत्रांत सरासरी ४० वॅटचा फरक असेल, आणि दुकान दिवसास दहा तास व वर्षास तीनशे दिवस उघडे राहत असेल, तर वर्षाकाठी १२० युनिटांचा फरक पडतो. ही रक्कम मोठी नव्हे. खरा लाभ यूपीएसचा. वीज गेली असता कमी खाणारे यंत्र हातातील पावती पुरी करून नीट बंद करण्यास अधिक अवधी देते.

आणि धूळ! कापसाची तूस, मिरचीची पूड, पिठाचा फवारा यांनी प्रोसेसरवरील पंखा आणि त्याखालील धातूच्या पाकळ्या भरून जातात. उष्णता बाहेर पडेनाशी झाली, की प्रोसेसर स्वतःस वाचविण्यासाठी आपली गती आपणच उतरवितो. मिरचीच्या वा धान्याच्या दुकानात दोन वर्षे न उघडलेला आय-५ साफसूफ केलेल्या आय-३ पेक्षा मंद चालला, तर त्यात आश्चर्य नाही. दर दिवाळीस वहीपूजनाच्या आधी दुकान झाडले जाते, त्याच दिवशी जाणत्या माणसाकडून पेटीही उघडून साफ करवावी. खर्च नाममात्र.

किमतीचा विचार करताना कर वगळून करावा. संगणकावर १८ टक्के जीएसटी असतो, आणि नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास धंद्यासाठी घेतलेल्या यंत्रावरील हा कर जमा मिळतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांस मिळत नाही. कराची रक्कम घसाऱ्याच्या किमतीत धरली, तर जमेवरील हक्क जातो, हेही मुनिमास सांगून ठेवावे. प्राप्तिकराच्या नियमांत संगणकाच्या घसाऱ्याचा दर २०१७-१८ या वर्षापासून ६० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. या दराने ४०,००० रुपयांचे यंत्र पूर्ण वर्षांच्या हिशेबाने पहिल्या वर्षाअखेर २४,०००, दुसऱ्या वर्षाअखेर १४,४०० आणि तिसऱ्या वर्षाअखेर ८,६४० रुपयांवर येते. बिलावाचून स्वस्त मिळालेल्या यंत्रास यांपैकी एकही सवलत नाही; ती धरून हिशेब केला, तर ‘स्वस्त’ यंत्र पुष्कळदा महाग ठरते.

खोकाबंद घेतलेल्या इंटेलच्या प्रोसेसरवर निर्मात्याची तीन वर्षांची हमी असते. खोक्यावाचून सुटे मिळणारे नग किंचित स्वस्त असतात. त्यांची हमी पुरवठादाराच्या शब्दावर राहते. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही जोरकस प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष आढळला. जादा व्होल्टेजमुळे तो उद्भवतो हे कंपनीने मान्य केले, दुरुस्ती पुरविली आणि त्या नगांची हमी दोन वर्षांनी वाढविली. बारावी पिढी त्यातून मुक्त होती. अशा वेळी ज्यांच्याजवळ खोके आणि पक्के बिल होते, त्यांचेच काम सुकर झाले, हे उघड आहे. बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, ‘एफ’ असल्यास ते अक्षर, नगाचा अनुक्रमांक, मेमरीची जात, एसएसडीची क्षमता आणि आपला जीएसटी क्रमांक, एवढे लिहून घेतल्यावाचून पैसे मोजू नयेत.

राहिली शेवटची कसोटी. इंटरनेटवर कसोट्यांचे आलेख पुष्कळ मिळतात. त्यांतील बहुतेक खेळांचे आणि चित्रफितींचे असतात. आपल्या पेढीची कसोटी आपल्याच दप्तरावर घ्यावी. चालू वर्षाच्या टॅलीच्या माहितीची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन विश्वासातील दुकानदाराकडे जावे, ती नव्या यंत्रावर उघडावी, आणि साठ्याचा गोषवारा, सर्वांत मोठ्या खातेदाराचा वर्षभराचा उतारा व जीएसटीचा तक्ता, ही तीन कामे हातातील घड्याळाने मोजावीत. हीच तीन कामे आपल्या जुन्या यंत्रावर आदल्या दिवशी मोजून कागदावर लिहून न्यावीत. काम संपताच ती प्रत दुकानातील यंत्रावरून आपल्यासमक्ष पुसून घ्यावी. व्यापाऱ्याचे खाते परक्याच्या कपाटात राहता कामा नये. जुने यंत्र आठव्या पिढीचे किंवा त्यानंतरचे असून फरक केवळ दोन-चार सेकंदांचा निघाला, तर त्या दिवशी दुकानातून एक चांगली एसएसडी तेवढी घेऊन घरी परतावे.